गोदामात नाही ते जाहिरातीत नको

सेल्फ-स्टोरेजच्या धंद्यात सध्या एक मत इतकं घट्ट बसलंय की त्याला कुणी साधा प्रश्नही विचारत नाही. ‘एआय हे साधन आहे, साधनाला कसली आलीय नीतिमत्ता? जाहिरातीत थोडं वाढवून सांगतातच. आधी माणूस वाढवून सांगायचा, आता यंत्र सांगतं. छोट्या धंदेवाल्याला फोटोग्राफर परवडत नाही, लिहिणारा परवडत नाही, रात्री दोन वाजता गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस तर नाहीच नाही. हे सगळं यंत्र जवळजवळ फुकटात करून देतंय, तर करू द्या ना. गिऱ्हाईक काही दूधखुळं नाही, जाहिरात म्हणजे काय ते त्याला कळतं. आणि जबाबदारीची भाषा मोठ्या कंपन्यांनी करावी. आपण आधी गोदाम भरू.’ जाहिरातीची कामं घेणाऱ्या एजन्स्या हे मालकांच्या गळी उतरवतात, धंद्यात नव्यानं आलेले मालक ते एकमेकांना सांगतात, आणि विरोध करणाऱ्याला काळाच्या मागे पडलेला ठरवून मोकळे होतात.

या मताचा मला मनापासून राग येतो. त्यातलं एकही वाक्य तपासणीला टिकत नाही. ते आणि त्याच्या जोडीनं येणारे दावे एकेक करून तपासू.

आधी या धंद्याच्या दारात येतो कोण, ते पाहायला हवं. गिरगावातली चाळ किंवा मुलुंडमधली चाळीस वर्षांची सोसायटी पुनर्विकासाला जाते. बिल्डर दरमहा भाडं देतो आणि त्या भाड्यात मुलांच्या शाळेजवळ जेमतेम वन-बीएचके मिळतो. मग आजीचा शिसवी दिवाण, आजोबांचं पुस्तकांचं कपाट, पितळी भांड्यांची ट्रंक, आईची शिलाई मशीन हे सगळं जाणार कुठे? करारात ताबा तीन वर्षांत लिहिलेला असतो, आणि तिनाची पाच होऊ शकतात हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. हिंजवडीतला इंजिनिअर दोन वर्षांसाठी जर्मनीला निघतो. आई-वडील गेल्यावर कोथरूडचं घर रिकामं करायचं असतं आणि वस्तू वाटून घ्यायला भावंडांचं मन अजून धजत नसतं. अमेरिकेत हा धंदा मुरलेला आहे. तिथले लोक आपल्या ग्राहकाची कारणं चार शब्दांत सांगतात: डेथ, डिव्होर्स, डाउनसायझिंग, डिसलोकेशन. मृत्यू, घटस्फोट, लहान घर, स्थलांतर. म्हणजे ग्राहक येतो तोच घडी विस्कटलेली असताना. त्याच्याकडे दहा ठिकाणं पाहायला वेळ नसतो आणि डोकंही ठिकाणावर नसतं.

शिवाय तो जे विकत घेतो त्याची पारख त्याला लगेच करता येत नाही. बिस्किटाचा पुडा सादळलेला निघाला तर पहिल्या घासाला कळतं. गोदामातली ओल तीन पावसाळे गेल्यावर, शटर उघडल्यावर कळते. तोवर दिवाणाला वाळवी आणि पुस्तकांना कसर लागून गेलेली असते. मधल्या काळात त्याच्या हातात काय असतं? भाड्याची पावती आणि जाहिरातीत दिलेला शब्द. म्हणून या धंद्यात जाहिरात हा मालाचाच भाग आहे. जिथे ग्राहक माल तपासू शकतो तिथली सूट इथे मागण्याचा कुणालाही अधिकार नाही.

आता पहिला दावा: चित्र प्रातिनिधिक असतं, ते कुणी खरं मानत नाही.

अलीकडेच एका स्टोरेजची मराठी जाहिरात मी मोबाइलवर मोठी करून पाहिली. पांढऱ्याशुभ्र भिंतींचा लांबलचक बोळ, आरशासारखी फरशी, दोन्ही बाजूंना केशरी शटर, वरून सोनेरी उजेड. नऊवारीतली आजी, कुडत्यातला मुलगा, हसणारी नात. शटरला लावलेल्या कुलपाला किल्लीचं भोकच नव्हतं. खोक्यांवरची अक्षरं लांबून देवनागरी वाटत होती, वाचायला गेलं की एकही लागत नव्हतं. खोकी थेट फरशीवर ठेवलेली. खाली लाकडी पॅलेट नाही, भिंतीपासून वीतभर अंतर नाही. छताला ना धूर ओळखणारं यंत्र, ना आग विझवणारे फवारे. हे चित्र यंत्रानं बनवलंय असा एक शब्द कुठे नव्हता. पत्ता मात्र खरा होता, फोन नंबर खरा होता आणि भाडंही खरं होतं.

हे चित्र कशाचं प्रतिनिधित्व करतं? त्या पत्त्यावरच्या जागेचं तर नक्कीच नाही. ग्राहक चित्रात नेमकं काय शोधतो, ते मालकाला ठाऊक असतं. जागा तळमजल्यावर आहे का, रस्त्यापेक्षा जोतं किती उंच आहे, वर पत्रा आहे की स्लॅब, माल पॅलेटवर ठेवतात का, टेम्पो दारापर्यंत येतो का. जुलै-ऑगस्टात मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत प्लायवूड फुगतं, कातडी बॅगेला बुरशी येते, गादीला कुबट वास धरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी तळमजल्यावरच्या सामानाचं काय झालं हे मुंबईकराला सांगायची गरज नाही. अशा शहरात कोरड्या फरशीचं बनावट चित्र छापणं ही सजावट कशी म्हणायची? ग्राहकाच्या सर्वांत मोठ्या भीतीला दिलेलं ते खोटं उत्तर आहे.

आणि चित्र कुणी खरं मानत नाही, हेही धादांत असत्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात मुलांसाठी एक चॉकलेट-जत्रा भरवली गेली. जाहिरातीत एआयनं काढलेली मिठाईची झाडं, रंगांची कारंजी, झगमगता स्वप्नलोक. तिकीट ३५ पौंडांपर्यंत. लोक मुलांना घेऊन पोचले तेव्हा समोर होतं जवळजवळ रिकामं गोदाम, तुरळक सजावट आणि मूठभर गोळ्या. मुलं रडली, पालक संतापले, पोलिसांना यावं लागलं, कार्यक्रम त्याच दिवशी गुंडाळला गेला. त्या जाहिरातीतले शब्दही निरर्थक होते, नीट पाहिलं असतं तर शंका आली असती. तरी लोकांनी तिकिटं काढली, कारण पैसे घेणारा माणूस निदान चित्र तरी खरं दाखवत असेल, असं धरूनच समाज चालतो. या विश्वासाला दूधखुळेपणा म्हणणारा मालक स्वतःच्या ग्राहकाचा अपमान करतो.

दुसरा दावा गरिबीचा: छोट्या धंदेवाल्याला फोटोग्राफर परवडत नाही.

त्याच्या खिशात मोबाइल नाही का? सकाळच्या उजेडात शटर वर करून काढलेले दहा फोटो फुकट असतात. ट्यूबलाइटखालचा सिमेंटचा कोबा, रांगेत लावलेली पॅलेट, खोक्यावरचं सील, कोपऱ्यातला सीसीटीव्ही, दारातली नोंदवही हे सगळं साधं दिसेल, पण ग्राहकाला जे हवंय ते त्यात आहे. मोठ्या साखळीशी झुंजताना छोट्या मालकाकडे एकच हुकमी पत्ता असतो: ‘ही माझी जागा, या आणि बघा.’ यंत्राचं चित्र छापून तो तेवढा पत्ताही फेकून देतो. कारण तेच यंत्र, तोच सोनेरी उजेड, तीच हसरी नात शेजारच्या स्पर्धकालाही मिळते. मग ग्राहकानं निवड कशावर करावी? फक्त भाड्यावर. आणि भाड्याच्या लढाईत छोटा माणूस हरतो.

लिखाणाचंही तेच. या धंद्याविषयी जगात जे लिहिलं गेलंय त्यातलं बहुतेक अमेरिकेतलं आहे. आधुनिक रूपात हा धंदा १९६० च्या दशकात तिथेच उभा राहिला आणि आज तिथे अशी पन्नास हजारांहून जास्त केंद्रं आहेत. यंत्र शिकलंय ते मुख्यतः त्या मजकुरावर. म्हणून भिवंडीजवळच्या पत्र्याच्या गोदामाची जाहिरात लिहायला सांगा, ते सराईतपणे लिहून देईल: तापमान-नियंत्रित युनिट, चोवीस तास प्रवेश, गाडी थेट दारापर्यंत. तिथल्या जाहिरातींची ही रोजची भाषा आहे. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी माणसं येऊन सामान बांधून नेतात, बारकोड लावून रचून ठेवतात, आणि स्वतःची ट्रंक पाहायची तर आधी कळवावं लागतं, प्रत्येक फेरीचे पैसे पडतात. तापमान-नियंत्रण म्हणजे रात्रंदिवस चालणारे एसी, हवेतली ओल शोषणारी यंत्रं आणि दरमहा येणारं विजेचं बिल. जे बिल मालक भरत नाही त्याची सोय जाहिरातीत आलीच कशी? यंत्रानं लिहिली म्हणून? यंत्रानं ते गोदाम पाहिलेलं नाही. मालक तर रोज त्यात उभा असतो. खोटं ओळखता येण्यासारखी जागा होती ती त्याचीच, आणि त्यानं न वाचता ‘पोस्ट’ दाबलं.

तिसरा दावा: थोडं वाढवून सांगणं चालतं, खरं काय ते करारात असतंच.

इथे या धंद्यातली सर्वांत वाईट खोड उघडी पडते. जाहिरातीत ‘तुमचं सामान १०० टक्के सुरक्षित’ आणि करारनाम्याच्या सातव्या पानावर ‘सामान सर्वस्वी ग्राहकाच्या जोखमीवर’. जाहिरात मराठीत, करार इंग्रजीत. यंत्राकडून मोहात पाडणारे शब्द लिहून घेणं सोपं असतं. ‘आणखी आश्वासक कर’ म्हटलं की ते सुरक्षिततेचे शब्द दुप्पट करतं. करार मात्र वकिलानं लिहिलेला असतो आणि प्रत्येक पानावर तो मालकाला वाचवत असतो. दोन्हींवर नाव एकाच मालकाचं. मग ग्राहकानं यातलं खरं कुठलं मानायचं?

कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणाऱ्यानं, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. म्हणूनच पुष्कळ करारांत ‘आम्ही सामान सांभाळत नाही, फक्त जागा वापरायला देतो’ अशी वाक्यरचना असते. असा करार करायचा असेल तर खुशाल करावा. पण मग जाहिरातीत ‘आम्ही सांभाळू’ हा शब्द देऊ नये. भ्रामक जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्पष्ट आहे की खुलासा मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, महत्त्वाची माहिती लपवता कामा नये, आणि दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा हवा. मराठी दावा आणि इंग्रजी तळटीप ही चाल तिथेच संपते.

हे फक्त कागदावर आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ऑगस्ट २०२५ चं रॅपिडो या प्रवासी अ‍ॅपचं प्रकरण आठवावं. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये’ अशी जाहिरात. प्रत्यक्षात ५० रुपयांपर्यंत, तेही अ‍ॅपमधली नाणी, तीही थोड्या दिवसांत बाद होणारी, आणि अटी वाचता येणार नाहीत इतक्या बारीक. प्राधिकरणानं १० लाखांचा दंड केला आणि ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितलं. पाच मिनिटांत येणाऱ्या रिक्षाच्या आश्वासनाला हा न्याय लागतो, मग पाच वर्षं बंद शटरमागे पडलेल्या संसाराच्या आश्वासनाला का लागू नये?

चौथा दावा चॅटबॉटचा: रात्री दोन वाजता उत्तर मिळतं, एखादं चुकलं तर चुकलं, खाली सूचना लिहिलेली असते.

हे यंत्र उत्तर कसं देतं, ते मालकांनी समजून घ्यायला हवं. आपला करार त्याच्यापुढे ठेवला नसेल तर ते करार वाचून बोलत नाही. अशा प्रश्नाला सहसा काय उत्तर येतं याचा अंदाज बांधून ते सफाईदार वाक्य तयार करतं. ठाऊक नसलं तरी ते अडखळत नाही, आणि खरा धोका तोच आहे. ग्राहकानं विचारलं, ‘तीन महिने भाडं थकलं तर सामानाचं काय करता?’ अमेरिकेत जवळजवळ सगळ्या राज्यांत यासाठी वेगळे कायदे आहेत. नोटीस देऊन सामानाचा लिलाव करता येतो. आपल्याकडे सेल्फ-स्टोरेजसाठी असा वेगळा कायदा नाही, सगळी भिस्त करारावर. यंत्र अमेरिकेतली रीत इथली म्हणून सांगून मोकळं होऊ शकतं, किंवा ग्राहकाला बरं वाटावं म्हणून ‘काळजी करू नका, सामानाला कुणी हात लावणार नाही’ असंही म्हणू शकतं. यातल्या कुठल्या वाक्यावर विसंबून माणूस परदेशी जाईल, मालकाला ठाऊक आहे का?

एअर कॅनडानं हेच केलं होतं. २०२२ मध्ये आजी वारल्यावर एका प्रवाशानं कंपनीच्या चॅटबॉटला सवलतीच्या तिकिटाबद्दल विचारलं. बॉटनं सांगितलं, आधी तिकीट काढा, नंतर ९० दिवसांत सवलत मागा. कंपनीचा नियम उलट होता आणि सवलत नाकारली गेली. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं तेव्हा कंपनीचा एक बचाव असा होता की चॅटबॉट ही वेगळी ओळख असलेली गोष्ट आहे आणि आपल्या बोलण्याला तीच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं तो बचाव फेटाळला: संकेतस्थळावरच्या प्रत्येक शब्दाला कंपनी जबाबदार, मग तो पानावर लिहिलेला असो वा बॉटनं बोललेला. भरपाई, व्याज आणि शुल्क धरून रक्कम होती सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर. रक्कम लहान, पण तत्त्व मोठं आहे. नोकरीला ठेवलेला माणूस गल्ल्यावर बसून बोलला तर तो शब्द मालकाचा. यंत्र बोललं तर तो कुणाचा, हा प्रश्नच कसा पडतो?

पाचवा दावा: रिव्ह्यू सगळेच बनवून घेतात.

सगळे चोरी करतात म्हणून चोरी धर्म होत नाही. तीन पावसाळे गोदाम कसं राहतं हे नव्या ग्राहकाला कळण्याचा एकच मार्ग आहे: तिथे तीन पावसाळे सामान ठेवलेल्या माणसाचं बोलणं. त्या जागी यंत्राकडून पाच-पाच तारे आणि ‘अतिशय स्वच्छ, अतिशय सुरक्षित’ अशी पन्नास मतं लिहून घेणं म्हणजे विहिरीत विष कालवणं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे आणि त्यात एआयनं लिहिलेले खोटे अभिप्रायही येतात. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक ठरवलं आहे. कुणी म्हणेल, ग्राहक खराच आहे, आम्ही फक्त त्याचं मत नीट शब्दांत मांडून देतो. कशासाठी? ‘सामान नीट मिळालं, फक्त टेम्पो दोन तास उशिरा आला’ हे मोडकंतोडकं वाक्य शंभर गुळगुळीत वाक्यांपेक्षा मोलाचं आहे, कारण त्यात टेम्पो उशिरा आलेला आहे.

सहावा दावा: विमानाचं तिकीट मागणीनुसार बदलतं, मग स्टोरेजचं भाडं यंत्रानं ठरवलं तर काय झालं?

विमानातला प्रवासी दोन तासांनी उतरतो आणि पुढच्या वेळी दुसरी कंपनी निवडतो. गोदामातून बाहेर पडायचं तर पुन्हा टेम्पो, हमाल, बबल रॅप, नवं डिपॉझिट आणि रजा टाकून घालवलेला एक दिवस. म्हणजे आत आलेला ग्राहक अडकलेला असतो, आणि यंत्राला नेमकं हेच हेरायला शिकवता येतं: कुणाचं किती वाढवलं तरी तो निघणार नाही. अमेरिकेत सुरुवातीला अगदी कमी भाडं दाखवून ग्राहक आत आला की ते चढवत नेण्याची रीत सर्रास आहे, आणि तिथले ग्राहक तिच्यावर चिडलेले आहेत. घरभाडं सुचवणाऱ्या रिअलपेज या सॉफ्टवेअर कंपनीवर तर अमेरिकी न्याय खात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये खटला भरला. घरमालकांची गोपनीय माहिती एकत्र करून भाड्यांतली स्पर्धा मारली जाते, असा आरोप होता. ही दिशा आपल्या तरुण धंद्यानं आदर्श म्हणून का घ्यावी?

‘फक्त २ युनिट शिल्लक, त्वरा करा’ हेही याच जातीचं. अर्धं गोदाम रिकामं असताना यंत्र प्रत्येक माणसाला ही ओळ दाखवत राहतं. ‘९९९ रुपयांपासून’ म्हणायचं आणि शेवटच्या पायरीला १८ टक्के जीएसटी, विमा, पॅकिंग, वाहतूक आणि किमान तीन महिन्यांची अट पुढे करायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक प्राधिकरणानं ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यांत खोटी घाई आणि किंमत थेंबाथेंबानं उघड करणं या दोन्ही नावानिशी आहेत. उद्या घर रिकामं करायचंय अशा माणसाला खोटी घाई लावणं बेकायदा तर आहेच, निर्दयही आहे.

सातवा दावा: ग्राहक स्वतः माहिती देतो, ती वापरली तर त्याचीच सोय होते.

तो माहिती देतो ती सामान ठेवण्यासाठी. चॅटमध्ये तो लिहितो, ‘आई गेली, तिचं घर महिनाअखेर रिकामं करायचंय.’ या वाक्यावरून त्याला घाई आहे असं ताडून भाडं वाढवणं, किंवा पुढचे सहा महिने त्याच्या मोबाइलवर ‘आठवणी जपा’ छापाच्या जाहिराती सोडणं, याला सोय म्हणायचं? त्याहून गंभीर एक गोष्ट रोज घडते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. सामानाची यादी, घराचा पत्ता, आधारची प्रत, ‘आम्ही दोन वर्षं परदेशी आहोत’ हा निरोप, असं सगळं कर्मचारी ‘छान ईमेल लिहून दे’ म्हणत कुठल्याशा फुकट एआय साधनात चिकटवतो. कुणाचं घर बंद आहे आणि कुणाची मौल्यवान वस्तू कुठे ठेवली आहे, याची तयार नोंद बाहेर गेली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरा, हे त्याचं सार आहे. कुलूप विकणाऱ्या माणसाला हे कायद्यानं शिकवावं लागावं?

राहिला शेवटचा दावा: जबाबदारी मोठ्यांनी पाळावी, आपण आधी गोदाम भरू.

हा धंदा आपल्याकडे अजून कोवळा आहे. अडगळ माळ्यावर टाकणं, गावच्या घरी पाठवणं, नातेवाइकाच्या रिकाम्या खोलीत ठेवणं ही आपली जुनी सवय. अनोळखी माणसाच्या ताब्यात संसार देण्याची सवय आत्ता कुठे लागतेय. ती टिकायची की मोडायची, हे पहिल्या काही हजार कुटुंबांच्या अनुभवावर ठरेल. चित्रातली कोरडी फरशी पाहून सामान ठेवलेल्या कुटुंबाला भिजलेली पुस्तकं परत मिळाली, तर ते त्या एका मालकाला दोष देऊन थांबणार नाही. ‘स्टोरेजच्या भानगडीत पडू नका’ असं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहील, आणि त्याच सोसायटीतली पुढची साठ घरं ऐकतील. आधी खोटं बोलून गोदाम भरू आणि नंतर खरं बोलू, असा क्रम विश्वासाच्या धंद्यात लागत नाही. ‘नंतर’ यायला ग्राहक तर उरला पाहिजे.

यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. मालकानं खरी माहिती दिली तर ती चार भाषांत मांडायला, लांबलचक करार सोप्या मराठीत समजावून द्यायला, वन-बीएचकेच्या सामानाला किती चौरस फूट लागतील याचा ढोबळ हिशोब करायला, पावसाळ्याआधी सगळ्या ग्राहकांना ‘येऊन एकदा बघून जा’ असा निरोप पाठवायला यंत्र उत्तम आहे. पण त्याची मर्यादा मालकानं आखायची आणि त्याखाली सही मालकानं करायची.

मागणी साधी आहे. जाहिरातीतला फोटो त्याच जागेचा, तारखेसह. भाडं जीएसटी आणि वाहतुकीसह, आणि पुढे कधी, किती वाढेल हे पहिल्याच पानावर. चॅटबॉटनं लेखी अटींपलीकडे एक शब्द बोलायचा नाही. नुकसानभरपाई, थकबाकी, विमा यांचा प्रश्न आला की माणसाकडे द्यायचा, आणि आपण यंत्र आहोत हे आधीच सांगायचं. अभिप्राय फक्त ग्राहकाचा, त्याच्याच शब्दांत, कडूसुद्धा. ग्राहकाची माहिती सामानापुरती, सामान गेलं की कायद्यानं ठेवावी लागते तेवढी सोडून बाकीची पुसायची. आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुरामागे वाचून होकार देणारा एक जिवंत माणूस, ज्याचं नाव ग्राहकाला मागता येईल.

यातलं काहीही महाग नाही. ज्याला एवढंही परवडत नाही त्याला दुसऱ्याच्या संसाराची राखण करणं परवडत नाही, आणि त्यानं या धंद्यात पडू नये. बाकीच्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: शब्द यंत्रानं जुळवला तरी तो तुम्ही दिलेला असतो. तो पाळता येणार असेल तरच द्या. जे गोदामात नाही ते जाहिरातीत नको, आणि जे जाहिरातीत छापलंत ते ग्राहकानं शटर उघडल्यावर तिथे असलंच पाहिजे.